पाचव्या वर्षी खाशाबांना कोच नव्हता, बाविसाव्या वर्षी मात्र लागला

परीक्षा संपत आल्या की कराड, सातारा, सांगली, मिरजेच्या चौकाचौकांत फ्लेक्स चढायला लागतात. क्रिकेट अकॅडमी, स्केटिंग, बॅडमिंटन, तायक्वांदो. मोठ्या शहरात राहत असाल तर गोल्फसुद्धा. खाली एक ओळ हमखास असते, वय वर्षे 4 पासून प्रवेश सुरू.

मग घराघरात खल सुरू होतो. शेजारच्यांचं पोरगं जातंय, आपलं मागे पडेल का? आत्ताच घातलं नाही तर उशीर होईल का? फी भरली आणि पोरानं पंधरा दिवसांत अंग काढलं तर?

या प्रश्नाला उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. कराडला अगदी लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा माणूस याच गावचा, खाशाबा दादासाहेब जाधव. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते कुस्ती शिकले कुठे, कुणाकडून आणि कोणत्या वयात काय शिकले, हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. आईबापांच्या कामाचा भाग खरं तर तोच आहे.

घरातच आखाडा

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. पाच भावांतलं हे शेंडेफळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान आणि घरात कुस्तीचंच वातावरण. ज्या वयात आज मुलं सीनियर केजीत असतात, त्या वयात म्हणजे पाचव्या वर्षाच्या आसपास वडिलांनी त्याला मातीत उतरवलं.

आता कुणी म्हणेल, हे तर फ्लेक्सवर लिहिलंय तसंच झालं की. लवकर सुरुवात केली म्हणून पोरगा ऑलिम्पिकला गेला.

तर तसं नाही. पाच वर्षांचं पोर तालमीत जातं म्हणजे नेमकं काय करतं, ते बघितलं की फरक कळतो.

कृष्णाकाठच्या गावांत तालीम म्हणजे एक बसकी, जाड भिंतींची खोली आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. ही माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असं बरंच काही मुरवलेलं असतं. मोठे पैलवान रोज ती खोऱ्याने उकरतात, भुसभुशीत करतात. लहान पोरं कडेला बसतात, बघतात, अधूनमधून मातीत लोळतात. एखादा थोरला पठ्ठा त्यांना खांद्यावर घेऊन बैठका मारतो, कारण त्याला वजन हवं असतं आणि पोरांना मजा. दोन बारकी पोरं आपापसात झोंबतात. कोण जिंकलं याची नोंद कुठेच होत नाही. पोरगं कंटाळलं तर घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी आपणहून परत येतं.

याला कोचिंग म्हणायचं का? शब्दावर जायचं तर हो. तालीम हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा अर्थच शिकवणं असा आहे. वस्ताद हा शब्द उस्तादवरून आला. म्हणजे खाशाबा कुणी न शिकवता आपोआप पैलवान झाले, ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण खरी नाही. शिकवणारा माणूस होता आणि तो चोवीस तास घरात होता. तिथे नव्हती ती फी, बॅच, लेव्हल वन-लेव्हल टू, सर्टिफिकेट आणि महिन्याच्या शेवटी प्रगती दाखवायची घाई.

कॅमेरापण नव्हता. आज पोराची पहिली मॅच आणि बापाचं पहिलं रील एकाच दिवशी येतं.

लहान पोरांच्या स्पर्धा तेव्हाही व्हायच्या. त्या कशा, तर गावच्या जत्रेत दुपारी कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडते. सुरुवात बारक्या पोरांच्या कुस्त्यांनी होते. बक्षीस काय, तर मूठभर रेवड्या. त्याहून जरा मोठ्यांना नारळ. मग पाच रुपये, दहा रुपये असं करत करत संध्याकाळी मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. पोरांची जोड लावताना वजनकाटा नसतो. गावातली चार जाणती माणसं दोघांना शेजारी उभं करून अंगानं सारखे आहेत का ते बघतात आणि सोडतात. हरलेल्या पोरालाही कुणीतरी रेवड्या देतंच. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात हे आजही दिसतं.

खाशाबानं आठव्या वर्षी भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केलं, असा किस्सा सांगतात. तो खरा धरला तरी त्या वयात तो कुठल्या राज्य स्पर्धेसाठी तयार होत नव्हता. पोहणं, पळणं, कबड्डी असं सगळंच चालू होतं. आज क्रीडाशास्त्रातले बरेच जाणकार लहान मुलांना एकाच खेळाला बांधू नका असं सांगतात. गोळेश्वरला ते कुणी सांगायची गरज नव्हती. गावात वेगवेगळ्या खेळांसाठी वेगवेगळ्या अकॅडम्याच नव्हत्या.

शाळा, 42 सालचा सातारा आणि कोल्हापूर

1940 ते 1947 खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये होता. या मधल्या वर्षांत सातारा जिल्हा पेटलेला होता. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच गावांतून चाललं. शाळकरी खाशाबाही छोडो भारतच्या चळवळीत ओढला गेला. भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं अशी कामं त्यानं केली. या पट्ट्यात तालमीतली पोरं आणि चळवळीतली पोरं बऱ्याचदा तीच असायची.

कुस्तीला याच काळात जरा शिस्त आली. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी ही नावं त्यांच्या गुरूंमध्ये घेतली जातात. पोरगं आता पाच वर्षांचं नव्हतं. त्याला कुस्तीच करायची आहे हे त्याचं त्याला कळलेलं होतं, आणि मगच बापाच्या पलीकडचा वस्ताद आयुष्यात आला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली बांधलेलं खासबागचं मैदान तिथेच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पैलवानाला तिथे खेळायची स्वप्नं पडायची.

आणि नेमकं इथेच खाशाबांना एका औपचारिक खेळ-शिक्षकाने नाकारलं. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा होत्या. खाशाबांनी कुस्तीत नाव घ्यायला सांगितलं. शिक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. अंगकाठी बारीक, उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर. हा काय कुस्ती खेळणार? नाव घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या बारक्या पोरानं आपल्यापेक्षा भारी गड्यांना लोळवलं.

हा किस्सा दरवेळी खाशाबांची हुशारी म्हणून सांगतात. पण त्यात शिकवणाऱ्यांसाठीही काही आहे. त्या शिक्षकांना खेळ कळत नव्हता असं नाही. त्यांनी पोराला खेळताना न बघता नुसतं अंगावरून जोखलं, एवढंच. गावच्या जत्रेत जोड लावणारी माणसंही अंगावरूनच जोखतात, पण ती कुणाला बाहेर ठेवण्यासाठी जोखत नाहीत.

लंडनमध्ये गादीवर पहिलं पाऊल

1948 चं ऑलिम्पिक लंडनला होतं. देश स्वतंत्र होऊन एक वर्ष झालेलं. सरकारच्या खिशात पैसा नव्हता. खाशाबांचा प्रवासखर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

आणि तिथे पोचल्यावर एक वेगळीच अडचण उभी राहिली. कुस्ती मातीत नव्हती, मॅटवर होती. आपल्याकडे पैलवान तिला गादी म्हणतात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं, माती काय अन् गादी काय. पण फरक मोठा आहे. भुसभुशीत मातीत पाय रुततो. हालचाल मंदावते, म्हणून दम आणि ताकद यांना महत्त्व. एकमेकांना जोखत, थकवत कुस्ती वीस-वीस मिनिटं, अर्धा-अर्धा तास चालते. निकाल एकच, समोरच्याची पाठ मातीला टेकली की तो चीत. बाकी गुणबिण काही नाही. गादीवर पाय चटकन सरकतो, सगळा खेळ वेगाचा. पायात बूट. घड्याळ लावलेलं. तेव्हा कुस्ती 15 मिनिटांची असायची आणि चीतपट झाली नाही तर तीन पंच निकाल द्यायचे. म्हणजे तुम्ही पडला नाहीत तरी हरू शकता. मातीतल्या पैलवानाला ही कल्पनाच परकी.

वयाच्या 22 व्या वर्षी खाशाबांना पहिल्यांदा असा कोच लागला, ज्याला आजच्या अर्थानं कोच म्हणता येईल. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. नियम काय, गुण कसे मिळतात, कडेला गेल्यावर काय करायचं, हे समजावलं. डाव खाशाबांकडे आधीपासूनच होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याचं मुंडकं पकडीत धरून त्याला फेकायचं. सतरा वर्षं अंगात मुरलेला हा डाव कोचनं शिकवायची गरज नव्हती. तो नव्या नियमांत कसा बसवायचा, एवढं सांगायची गरज होती.

फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीसमोर ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. गादीशी जेमतेम ओळख झालेला माणूस जगात सहावा.

इथे थोडं थांबून विचार केला तर आईबापांच्या प्रश्नातली मेख सापडते. औपचारिक कोचिंग हवं की नको, असा प्रश्नच अर्धवट आहे. हवं, पण कधी आणि कशासाठी? पाचव्या वर्षी खाशाबांना गार्डनर मिळाले असते तर त्यांनी काय शिकवलं असतं? गुण कसे मोजतात ते? त्या वयाला मातीत लोळायचं असतं, पडायला न घाबरणं शिकायचं असतं. आणि 22 व्या वर्षी गार्डनर मिळाले नसते तर लंडनला नुसत्या अंगच्या गुणांवर फार पुढं जाता आलं नसतं.

असंच एक उदाहरण सांगलीचं. विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले. ऑस्ट्रेलियाचा मोठा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट जतच्या संस्थानिकांच्या बोलावण्यावरून इकडे आला, तेव्हा त्याच्याकडून हजारेंना शिकायला मिळालं. जत आज सांगली जिल्ह्यात आहे. पण तोवर हजारे महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळत होते, विशी ओलांडलेली होती. जागतिक दर्जाचा कोच मिळाला तो खेळ हातात बसल्यावर. याच हजारेंनी पुढे 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली.

अर्थात दोन माणसांच्या आयुष्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लहानपणीच जाणकार नजर लागते, कारण चुकीची उडी थेट मानेवर येते. पोहायला शिकवताना काठावर माहितगार माणूस हवाच. आणि खाशाबांसारखा घरातच पैलवान बाप प्रत्येकाला मिळत नाही, हेही खरं. ज्या घरात खेळ माहीतच नाही, त्या घरच्या पोराला अकॅडमी हेच एक दार असतं. मात्र त्या दारातून आत गेल्यावर पोराला रेवड्यांची कुस्ती खेळायला मिळते की पहिल्याच महिन्यात पॉइंट टेबल समोर येतं, हे बघायला हवं.

चार वर्षं आणि सात हजार रुपये

लंडनहून परत आल्यावर खाशाबांनी चार वर्षं झपाटून तयारी केली. आता ते गादीवरची कुस्ती ओळखून होते. वजनगटही बदलला. 52 किलोच्या फ्लायवेटमधून ते 57 किलोच्या बँटमवेटमध्ये गेले.

पण हेलसिंकीच्या संघात नाव यायचं तर मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेतून जायला लागणार होतं. तिथे निरंजन दास यांच्याविरुद्ध एका गुणाने ते मागे पडले. गुण मुद्दाम कमी दिले असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि खाशाबांनी या वेळी गुणांवर काही ठेवलंच नाही, सरळ चीत केलं.

मग पैसा. हेलसिंकीला जायचं तर स्वतःची तजवीज स्वतः करायची. मुंबई राज्याच्या सरकारकडे हात पसरले. आधी नकार आला, बऱ्याच खटपटीनंतर काही मदत मिळाली. घरच्यांनी, गावानं वर्गणी काढली. कुणी पैसे दिले, कुणी प्रवासात खायला दिलं. तरी कमी पडत होतं. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. कॉलेजच्या स्पर्धेत नाव घालायची परवानगी देणारे तेच खर्डेकर.

खर्डेकर कुस्तीचे कोच नव्हते. त्यांनी खाशाबांना एकही डाव शिकवला नाही. पण ते नसते तर खाशाबा हेलसिंकीचं विमान बघूही शकले नसते.

23 जुलै 1952

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला हरवलं. पुढे गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. हा मुळात ज्युदो शिकलेला गडी. महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे लहानपणी एक खेळ आणि मोठेपणी दुसरा. त्यानं पुढे सुवर्णपदक घेतलं.

इशीबरोबरची कुस्ती पूर्ण वेळ चालली. खाशाबा गुणांवर हरले. पार थकलेले होते. आणि लगेच त्यांना पुढच्या लढतीला बोलावलं. समोर सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव. नियमानुसार दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ही हरकत घ्यायला खाशाबांच्या बाजूनं कुणीच नव्हतं. भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगानं खाशाबा उतरले आणि हरले. रौप्य ममदबेयोवला, कांस्य खाशाबांना.

इतक्या वर्षांनंतरही हा प्रसंग वाचताना चीड येते. जत्रेतल्या फडात आठ वर्षांच्या पोराच्या मागेसुद्धा त्याचा वस्ताद उभा असतो. पोराला दम लागला तर तो हात वर करून थांबवतो, जोड बरोबर नसेल तर भांडतो. ऑलिम्पिकच्या गादीपाशी खाशाबांना तेवढा एक माणूस मिळाला नाही.

याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचं पदक थोडक्यात गेलं. त्यांचं नाव आज कोल्हापूरबाहेर किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

बैलगाड्यांची मिरवणूक

कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर तोबा गर्दी होती. दीडशेच्या आसपास बैलगाड्या, ढोल, लेझीम, फटाके. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचा थोडक्या वेळाचा रस्ता, पण मिरवणुकीला कित्येक तास लागले. हॉकी संघानं त्याच ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे देशभरात कौतुक जास्त तिकडे झालं. खाशाबांचं कौतुक त्यांच्या माणसांनी केलं.

सत्कार झाले, हारतुरे झाले. खाशाबांना मात्र एकच गोष्ट छळत होती, ती म्हणजे खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर. त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा उभा केला आणि तो सरांना दिला. घर सोडवलं. ऑलिम्पिक पदक मिळवल्यावर मातीत परत उतरून कर्ज फेडणारा दुसरा खेळाडू शोधावा लागेल.

पुढे 1955 मध्ये ते पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 च्या ऑलिम्पिकचं दार बंद झालं. नोकरीत त्यांनी पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या आणि क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. म्हणजे शेवटी तेही शिकवणारे झाले. तब्बल 27 वर्षं सेवा केली, पण मोठी बढती मिळाली ती अगदी निवृत्तीच्या तोंडावर. असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता, तेवढाच काय तो मान.

14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

बाकी सगळं नंतर आलं. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही 2000 सालचा. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव. 15 जानेवारी 2023 ला गुगलनं डूडल केलं आणि अनेक तरुणांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा सर्च केलं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं 15 जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. खाशाबांनंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 1996 उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं दुसरं पदक तर 2008 मध्ये, सुशील कुमारचं. मध्ये 56 वर्षं गेली.

या 56 वर्षांत गावोगावच्या तालमी चालूच होत्या. कुंडलच्या मैदानावर गर्दी कमी झाली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. माती कमी पडली नाही, पोरं कमी पडली नाहीत. कमी पडली ती गादी, नियम समजावणारी माणसं आणि गादीपाशी उभं राहून अर्धा तास मागणारा कुणीतरी. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या बॅचेस तेव्हा कमी होत्या म्हणून आपण मागे राहिलो, असं म्हणायला आधार नाही. पोरगं पंधरा-सोळाचं झाल्यावर पुढं न्यायची व्यवस्था नव्हती.

आजही फ्लेक्स बघा. लहान मुलांच्या वर्गांची जाहिरात चौकाचौकांत आहे. दहावीनंतर कुस्ती चालू ठेवायची असलेल्या मुलीला गादी कुठे मिळेल, प्रवासखर्च कोण देईल, हे कुठल्या फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

गोळेश्वरमध्ये खाशाबांचं घर आहे. नाव ऑलिम्पिक निवास. गावात त्यांच्या नावानं कुस्तीचं केंद्र व्हायचं, अशी घोषणा झाली होती. वर्षं गेली, ते उभं राहिलं नाही. अखेर 2017 मध्ये कुटुंबानं जाहीर केलं की अकॅडमी बांधायला पैसे हवेत म्हणून खाशाबांचं कांस्यपदक लिलावात काढू. घराच्या आखाड्यात बापाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाच्या घरच्यांनाच गावातल्या पोरांसाठी अकॅडमी हवी होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे विकण्यासारखं होतं ते हेलसिंकीचं पदक.